पहिला आकडा

गुलाबांच्या त्या पॉलिहाऊसवर प्रयोगशाळा म्हणून मला जी खोली मिळाली, ती आधी झाडू आणि बादल्या ठेवायची होती. कोपऱ्यातला ओल्या पोछ्याचा वास शेवटपर्यंत गेला नाही. एक टेबल, एक छोटा फ्रिज, डब्याएवढं एक यंत्र आणि भिंतीवर बावीस फवारणीवाल्यांची यादी. दर दोन आठवड्यांनी या बावीस जणांचं रक्त तपासायचं, हे माझं काम. यादीत सगळ्यात वर माझा मामा होता. फवारणीच्या टोळीचा मुकादम तोच, आणि रसायनशास्त्राची पदवी घेऊन वर्षभर घरी बसलेल्या भाचीची गोष्ट मॅनेजरच्या कानावर घालणाराही तोच.

"लहानपणी मुंगी चावली तरी गाव गोळा करायची," तो बाकावर बसलेल्यांना सांगायचा. "आता बघा, खुशाल माणसं टोचते."

बोटाच्या टोकातून एक थेंब घ्यायचा, नळीत टाकायचा, हलवायचा, यंत्रात ठेवायचा. चार मिनिटांनी यंत्र पिंग करून आकडा दाखवतं. आकडा एका एन्झाइमचा असतो. मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो, स्नायू आखडतो, आणि मग तो हुकूम पुसून टाकायचं काम हे एन्झाइम करतं. पुसला नाही तर स्नायूला थांबायचं कळत नाही. आम्ही गुलाबांवर जे फवारायचो, ते नेमकं याच एन्झाइमला जाऊन चिकटतं. किडा आखडत आखडत मरतो. माणसाच्या शरीरातही तेच एन्झाइम आहे. आपण वजनाला जास्त भरतो, एवढाच काय तो आधार.

सगळे त्याला औषधच म्हणायचे. मीही म्हणायचे.

लाल कोळी नावाची कीड गुलाबाच्या पानाखाली बसते. डोळ्यांना धड दिसत नाही, पण पानावर सुई टोचल्यासारखे पिवळे ठिपके पडतात, आणि ठिपक्यांचं एक पान सापडलं तरी गिऱ्हाईक अख्खी पेटी परत पाठवतं. भाजीपाल्यावर किती औषध उरलंय हे तपासायला माणसं असतात. गुलाब कुणी खात नाही, म्हणून कुणी विचारत नाही. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा फवारणी व्हायची, बारा महिने.

अपवाद सहा नंबरच्या हाऊसचा. ते तिथल्या जुन्या कामगार आक्कांच्या ताब्यात होतं. आक्का तिथे बाटल्यांमधून शिकारी कोळी आणून सोडायच्या. हे कोळी लाल कोळ्यांना शोधून खातात. शिवाय दाराला बारीक जाळी, दोन ओळींमध्ये पिवळी चिकट कार्डं, खालची रोगट पानं रोज हाताने काढणं, आणि पाण्याचा जोर ठेवून पानं खालून धुणं. औषधाचा थेंब नाही, कारण एका फवाऱ्यात शिकारी आधी मरतात. सहा नंबरची फुलं थोडी कमी निघायची, पण पेट्या परत येत नव्हत्या. मामा त्या हाऊसला आक्कांचं पाळणाघर म्हणायचा. "काय आक्का, पोरं जेवली का?" असं जाता-येता विचारायचा. आक्का म्हणायच्या, "जेवली. तुझी झोपली का कायमची?"

आकडा प्रत्येक माणसाचा वेगळा असतो, म्हणून दुसऱ्याशी तुलना करून उपयोग नाही. ज्याची त्याच्याशीच करायची. त्यासाठी सुरुवातीला एकदा आकडा घेऊन ठेवतात. आमच्या वहीत त्याचं नाव 'पहिला आकडा'. पुढचा आकडा पहिल्याच्या ऐंशी टक्क्यांखाली गेला तर त्या माणसाचा मास्क, हातमोजे, काम करायची रीत तपासायची. सत्तरखाली गेला तर त्याला फवारणीवरून काढून प्रतवारीच्या हॉलमध्ये पाठवायचं, आकडा वर येईपर्यंत. प्रतवारीची मुख्य मामी होती. मामा म्हणायचा, "घरी तिचं ऐकतोच. इथेही तिच्या हाताखाली काटे सोलत बसू? त्यापेक्षा सरळ माझं रक्तच काढून घे."

यंत्राच्या पुस्तिकेत पहिल्या आकड्याबद्दल एक वाक्य होतं: किमान तीस दिवस औषधापासून लांब असलेल्या माणसाचाच घ्यावा. मी कामावर आले त्या आठवड्यात ते वाक्य मॅनेजरना दाखवलं होतं.

"तीस दिवस?" ते म्हणाले. "कोळी तेवढे दिवस रजेवर जाणार आहेत का?"

मीही हसले. मग दोन दिवसांत बावीस बोटं टोचली आणि बावीस आकडे वहीत सुबक अक्षरात उतरवले. फरक पडेल तो थोडाफार आणि सगळ्यांना सारखाच, असं मी धरून चालले होते. किती पडेल ते मोजायचा मार्ग माझ्याकडे नव्हता, आणि जे मोजता येत नाही ते थोडं असतं असं मानायला काहीच आधार नसतो, हे मला पदवी घेताना शिकवलं होतं.

सात महिने सगळं सुरळीत चाललं. मग टोळीतला एक लांबोडका माणूस, ज्याला सगळे उंट म्हणायचे, सावलीची जाळी बांधताना शिडीवरून पडला आणि पायाला प्लास्टर घालून घरी बसला. अकरा आठवड्यांनी एका दुपारी तो काठी टेकत माझ्या खोलीत आला. कामावर घ्यायच्या आधी रक्त तपासायचा नियम होता.

त्याचा पहिला आकडा होता एकवीस पूर्णांक नऊ. यंत्र पिंग वाजलं आणि पडद्यावर आलं एकतीस पूर्णांक चार.

"किती?" उंटाने विचारलं.

"जास्त आहे."

"पलंगावर पडून खाल्लंय. रक्तसुद्धा माजलं असेल."

मला वाटलं यंत्र बिघडलं. दुसरं बोट टोचलं. एकतीस पूर्णांक एक. स्वतःचं बोट टोचलं. माझा नेहमी तीसच्या आसपास यायचा, तसाच आला. यंत्र ठीक होतं.

तेवढ्यात मामा डबा घेऊन दारात येऊन बसला. जेवायची सुट्टी तो माझ्या उंबऱ्यावर घालवायचा, कारण तिथे वारा यायचा. त्याने दोन घास खाल्ले आणि डबा बंद केला.

"का रे?"

"नको वाटतंय. मळमळतं. आणि तुझ्या त्या पंख्याला काय झालंय, धुरकट दिसतोय."

"पंखा ठीक आहे. डोळे चोळू नकोस."

"मंगळवारी तूच सांगितलंस ना, मी पास आहे म्हणून?"

मंगळवारी त्याचा आकडा अठरा पूर्णांक तीन आला होता. पहिला बावीस पूर्णांक आठ. म्हणजे बरोबर ऐंशी टक्के. "काठावर पास," मी म्हटलं होतं. "काठावर का होईना, पास तो पास," म्हणून तो टोळीत मिरवत गेला होता.

आता उंट काठी घेऊन माझ्या स्टुलावर बसला होता आणि टेबलावर त्याच्या रक्ताचे दोन आकडे होते. माझ्या डोक्यात गणित सुरू झालं होतं. उंट अकरा आठवडे औषधापासून लांब होता. म्हणजे एकतीस हा त्याचा खरा पहिला आकडा, आणि मी सात महिन्यांपूर्वी लिहिलेला एकवीस हा आधीच विष भिनलेल्या माणसाचा. माझी सगळी वही त्या एकवीसपासून मोजत होती.

हे मी मामाला तिथेच सांगू शकले असते. पण एका माणसाच्या दोन थेंबांवरून मी बावीस जणांचं काम बंद करा म्हणणार होते, आणि मॅनेजर पहिला प्रश्न विचारणार होते, खात्री आहे का? नळीत घालायच्या रसायनाची त्या वेळची पेटी संपत आली होती. नवी पेटी फ्रिजमध्ये होती; ती खोलीच्या तापमानाला यायला तीन तास लागतात. मी ठरवलं की नव्या पेटीने उंटाचं तिसरं बोट टोचायचं आणि मग बोलायचं.

"मामा, आज चार नंबर तूच मारणार?"

"मग कोण, आक्का? कोळी मायंदाळ झालाय तिथे. साहेबांनी मात्रा वाढवायला सांगितलीय."

"जरा थांबलास तर..."

"चारला ऊन उतरतं. तोवर थांबणारच आहे," म्हणून त्याने डबा उचलला आणि गेला.

तिसरा आकडा यायला पाच वाजून दहा मिनिटं झाली, कारण मी नव्या पेटीवर आधीच आकडा माहीत असलेलं प्रमाण द्रावणही दोनदा तपासलं. एकतीस पूर्णांक तीन. उंटाचं लिहिलेलं होतं ते खऱ्याच्या सत्तर टक्के. मामाचंही तसंच धरलं तर त्याचा खरा पहिला आकडा साडेबत्तीसच्या घरात, आणि मंगळवारचे अठरा म्हणजे छप्पन टक्के. त्याला महिन्यापूर्वीच काढायला हवं होतं.

मी चार नंबरकडे पळाले. मागून उंट काठी आपटत येत होता.

पंप चालू होता. पाइप धरायला असलेला माणूस दाराशी उभा राहून हाका मारत होता, कारण पाइप पाच मिनिटं पुढे सरकला नव्हता. मी पंप बंद केला. आत गरम वाफ आणि तो लसणासारखा वास. मामा तिसऱ्या ओळीत गुडघ्यांवर होता. मास्क गळ्यात आला होता आणि छातीवर उलटी झाली होती. तोंडातून लाळेची तार थेट जमिनीपर्यंत. मी त्याचं तोंड वर केलं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, आणि गालाच्या कातडीखाली काहीतरी वळवळावं तसे स्नायू उडत होते.

"पास," तो म्हणाला, किंवा मला तसं ऐकू आलं.

त्याला बाहेर ओढलं. हातमोजे घालून कपडे कापून काढले, साबणाच्या पाण्याने अंग धुतलं, कुशीवर निजवलं. औषधाच्या बाटलीवरचा कागद गाडीत बरोबर घेतला. हे सगळं मला पाठ होतं आणि एकही गोष्ट विसरले नाही.

दवाखान्यात ॲट्रोपीनचा उतारा दिला. दुसऱ्या दिवशी मामाचा चेहरा लालबुंद, तोंड कोरडं, पण शुद्ध पक्की. मामी पलंगाशी बसून त्याला झापत होती.

"मास्क काढायची काय अवदसा आठवली?"

"उलटी मास्कमध्ये करू? भरून पावलो असतो."

"मेला असतास."

"मग काटे कुणी सोलले असते?"

मॅनेजर येऊन बघून गेले. मला बाहेर बोलावून म्हणाले, "अहवाल तू लिहायचा आहेस. वहीत ऐंशी टक्के आहे, ते लिही. मास्क काढला, ते लिही. उगाच पसरट करू नकोस." मी मान हलवली. माणूस तर बरा झाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगाशी गेले तेव्हा तो छताकडे बघत होता.

"उठून बस, चहा आणलाय."

"डोकं उचलत नाही," तो हसून म्हणाला. "रात्री कुणीतरी उशीला शिवून टाकलंय."

मामी हसली. मी चहा खाली ठेवला. विष उतरलंय असं वाटल्यावर दोन-तीन दिवसांनी मानेचे स्नायू आधी जातात आणि मग श्वासाचे, हे मी वाचलं होतं. मी त्याला म्हटलं, मान उचल. त्याने प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताठल्या, पण डोकं उशीवरून एक बोटभरही हललं नाही. मी व्हरांड्यात जाऊन ओरडले. नर्स म्हणाली, डॉक्टर राउंडला येतीलच. मी ओरडणं थांबवलं नाही. डॉक्टर आले तोवर मामाची नखं निळी पडायला लागली होती.

एकोणीस दिवस तो यंत्रावर श्वास घेत होता. गळ्यात नळी होती, त्यामुळे बोलता येत नव्हतं. डोळे उघडे असायचे.

त्या एकोणीस दिवसांत मी अहवाल लिहिला. वहीतले सगळे पहिले आकडे चुकीचे आहेत, ते मी घेतले, पुस्तिकेतलं वाक्य वाचूनही घेतले, आणि मुकादमाची खरी टक्केवारी छप्पन होती. खाली सही केली आणि एक प्रत मजूर तपासणीच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिली. नव्या हिशेबाने उरलेल्या एकवीसपैकी नऊ जण सत्तरच्या खाली निघाले. ते प्रतवारीत गेले. त्यातला एकही माझ्याशी धड बोलला नाही. एक जण दारात येऊन म्हणाला, "स्वतःच्या मामाचं पाप झाकायला आम्हाला काटे सोलायला बसवलंस."

चार नंबर पिवळं पडलं. मॅनेजर आक्कांकडे गेले आणि शिकारी कोळ्यांच्या शंभर बाटल्या मागवा म्हणाले.

"आता सोडलेत तर दुपारपर्यंत मरतील," आक्का म्हणाल्या. "पानांवर तुमचं औषध अजून जागं आहे. सहा आठवडे काही मारू नका. पानं धुवा, खालची काढा. मग मागवा."

"सहा आठवडे कोळ्यांना काय घालू, जेवायला?"

"गुलाब घाला. नाहीतरी तेच खातायत."

चार नंबरमध्ये तसंच केलं. बाकीच्या हाऊसमध्ये उरलेल्या बारा जणांवर फवारणी चालूच राहिली. माणसं कमी आणि फेऱ्या जास्त. त्यांचे आकडे दर दोन आठवड्यांनी सत्तरकडे खाली सरकताना मला दिसत होते, आणि मॅनेजर रोज विचारत होते की मुकादम कधी येतो.

मामा घरी गेल्यावर दहा आठवड्यांनी आला. वजन उतरलं होतं. चालताना पावलं जरा आपटत होता, पण गाडीतून स्वतः उतरला. मामी मागे होती. माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर टोळी बसली होती, कारण तपासणीचा दिवस होता. सगळे उठले. उंटाने त्याच्या पाठीत थाप मारली.

"आला रे! आता टोळी उभी राहील."

"आधी बोट दे," मी म्हटलं.

चार मिनिटं सगळे दारात दाटीवाटीने उभे होते. यंत्र वाजलं. बत्तीस पूर्णांक एक.

"किती?"

"बत्तीस."

"आणि पहिला किती होता?"

"हाच पहिला आहे, मामा."

"म्हणजे शंभर टक्के!" तो टोळीकडे वळला. "काठावर नाही, शंभर टक्के!" बाहेर कुणीतरी शिट्टी मारली.

आकडा बरोबर होता. मी सात महिने ज्याच्या शोधात असायला हवं होतं तो आकडा हाच, स्वच्छ रक्तातला. रक्त तीन-चार महिन्यांत नवं होतं. पण या जातीच्या काही औषधांनी पुढे काही आठवड्यांनी हातापायांच्या लांबच्या नसा झिजतात, आणि त्या रक्तासारख्या भरून येत नाहीत. यंत्राला त्या दिसत नाहीत. फॉर्मवर दोनच रकाने होते: आकडा, आणि फवारणीस पाठवावे काय. नियमाप्रमाणे दुसऱ्यात मला 'होय' लिहायचं होतं. दोन नंबरमध्ये कोळी पसरला होता आणि मॅनेजर त्याच दुपारच्या फवारणीचं पत्रक घेऊन व्हरांड्यात उभे होते.

"लिही ना," मामा म्हणाला. "घरी बसून किडा झालाय माझा."

मामीने दारातून माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या शर्टाकडे. मामाच्या शर्टाची बटणं सरळ लागलेली होती. सगळ्यात वरचं तेवढं उघडं होतं.

मी यंत्रात पुढच्या माणसाची नळी ठेवली आणि म्हटलं, "मामा, वरचं बटण लाव."

"उकडतंय."

"लाव."

तो हसला. मग हात वर नेला. डाव्या हाताने काज धरलं, उजव्या हाताची बोटं बटणावर आली आणि घसरली. पुन्हा आली. बटण चिमटीत सापडलं असं वाटलं, पण अंगठ्याला ते लागतच नव्हतं. तो बटणाच्या बाजूचं कापड चिमटीत धरून काजात कोंबत होता.

"भोक लहान आहे," तो म्हणाला.

बाकावरचा एक जण पुढे आला. "द्या मुकादम, मी..."

"कुणी हात लावायचा नाही," मी म्हटलं.

मामाच्या कपाळावर घाम आला. तो माझ्याकडे बघत नव्हता, टोळीकडेही नाही. हनुवटी छातीला टेकवून बोटांकडे बघत होता, आणि बोटं त्याची नसल्यासारखी वागत होती. ज्यांच्यासमोर तो वीस वर्षं मुकादम होता, ते सगळे उभे होते. मला थांब म्हणता आलं असतं. पण तो घरी जाऊन उद्या परत आला असता, आणि मॅनेजरनी दुसऱ्या कुणाकडून 'होय' लिहून घेतलं असतं. म्हणून मी थांबवलं नाही. यंत्र पिंग वाजलं तेव्हा मला कळलं की चार मिनिटं झाली.

त्याने हात खाली सोडले.

"लिही काय लिहायचं ते," तो म्हणाला.

पहिल्या रकान्यात मी बत्तीस पूर्णांक एक लिहिलं. दुसऱ्यात 'नाही', आणि खाली कारण. कारणासाठी जागा नव्हती, ते समासात लिहिलं.

तो बाहेर गेला. मामीने त्याच्या कॉलरकडे हात नेला, तो त्याने झटकला, आणि तसाच उघड्या गळ्याने गाडीपर्यंत पावलं आपटत गेला. त्यानंतर तो माझ्या उंबऱ्यावर कधी बसला नाही. मॅनेजर पत्रकावरचं नाव खोडत होते.

"पुढचा," मी म्हटलं.

उंट स्टुलावर बसला आणि बोट पुढे केलं. मग म्हणाला, "माझ्याकडूनही बटण लावून घेणार का?" बाकावर कुणी हसलं नाही.

"हो," मी म्हटलं. "आधी ते."

त्याने बोट मागे घेतलं, आणि दोन्ही हात गळ्यापाशी नेले.